गरम गव्हाला लिंबू, गार गव्हाला संत्रं: अख्ख्या धान्याचं सॅलड पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

इंदुरातल्या बहुतेक मराठी घरांत अजूनही एप्रिलमध्ये वर्षाचे गहू भरतात. कोठी भरलेली असते, पण त्यातला दाणा पिठाच्या गिरणीशिवाय दुसरीकडे फारसा जात नाही. मग नोव्हेंबर लागतो, आगर-शाजापूरकडची आणि नागपूरची संत्री हातगाड्यांवर ढिगानं दिसायला लागतात, आणि तीही आपण उन्हात बसून नुसती सोलून खातो. ही दोन्ही एका भांड्यात आणली तर रात्रीचं पोटभर, हलकं आणि चवीला फार सुंदर जेवण होतं. मला हे सॅलड मनापासून आवडतं, आणि ते अवघड आहे असं समजून लोक त्याच्या वाटेला जात नाहीत याचं वाईटही वाटतं.

अवघड त्यात काहीच नाही. घुगऱ्या तुम्हाला माहीत आहेत, कोशिंबीरही रोज होते. उकडलेला अख्खा दाणा, वर आंबट-गोड फळ, थोडं तेल, हिरवी पानं आणि दाताखाली येणारं काहीतरी कुरकुरीत, एवढाच हा पदार्थ. तरी पहिल्यांदा करताना तो दोन ठिकाणी हमखास फसतो. एक तर धान्य फिकं लागतं, नाहीतर तासाभरात फळ पाणी सोडतं आणि कडवटपणा येतो. दोन्हींवर उपाय एकच, आणि तो मी शीर्षकातच सांगून टाकला आहे: धान्य गरम असताना त्याला लिंबू आणि मीठ लावायचं, आणि फळ मात्र धान्य पूर्ण गार झाल्यावरच घालायचं. खालची सगळी कृती या एका क्रमाभोवती बांधलेली आहे.

कोणता गहू

इंदुरात राहणाऱ्यांचं भाग्य असं, की या सॅलडला जो गहू सर्वांत चांगला तो आपल्या दारातच पिकतो. माळव्यातला कठिया गहू, म्हणजे बाफल्यांचा आणि रव्याचा गहू, दाण्यानं मोठा, पिवळसर आणि कडक असतो. शिजल्यावरही त्याचा दाणा आकार सोडत नाही, चावताना किंचित ताण देतो, आणि सॅलडला तेच हवं असतं. दुकानात 'मालवराज' म्हणून मागा. सियागंजात किंवा छावणीकडच्या धान्याच्या दुकानात नुसतं 'भैया, बाफलेवाला गेहूं' म्हटलंत तरी बरोबर तोच मिळेल. भारतीय कृषी संशोधन संस्थेचं गव्हाचं प्रादेशिक केंद्र १९५१ पासून इंदुरात आहे. पिशवीवर 'एचआय' अशा अक्षरांनी सुरू होणारं वाणाचं नाव दिसलं तर तो वाण इथेच तयार झालेला असतो.

पोळीसाठी घरात असलेला लोकवन किंवा शरबतीही चालतो. तो जरा लवकर मऊ पडतो, म्हणून शिजवताना पाच मिनिटं कमी धरा. महाराष्ट्रातून कुणी खपली गहू आणून दिला असेल तर तो या सॅलडसाठी जपून ठेवाच. इटलीत ज्या धान्याचं सॅलड करतात, त्या 'फारो'मध्ये मुख्यतः हाच गहू असतो.

दोन सूचना मात्र नीट वाचा. पेरणीसाठीचा गहू कधीही वापरायचा नाही. त्याला औषध लावलेलं असतं आणि तो बहुधा गुलाबी किंवा लालसर दिसतो. आणि घरच्या कोठीतल्या गव्हाला एरंडेल चोळलेलं असेल, तर तो कोमट पाण्यात हातानं चोळून चोळून तीन-चार वेळा धुवा. पोळीत एरंडेलाचा वास कळत नाही, सॅलडमध्ये लगेच कळतो.

खिरीसाठी आपण गहू ओलावून कांडतो आणि कोंडा पाखडून टाकतो. इथे तसं करायचं नाही. कोंडा, अंकुर आणि आतला पिठूळ गर, तिन्ही जागच्या जागी असतील तरच ते अख्खं धान्य. याच कारणानं बाजारात मिळणारे पांढरे, पॉलिश केलेले जव या मोजणीत बसत नाहीत. जव घ्यायचे तर तपकिरी आवरणासकट घ्या.

सामान, चौघांसाठी

अख्खा कठिया गहू एक कप, म्हणजे साधारण २०० ग्रॅम. शिजून तो अडीच कपांच्या आसपास होतो. फळांत दोन संत्री, एक मोठी मोसंबी आणि दोन रसरशीत लिंबं. घाण्याचं शेंगदाणा तेल तीन मोठे चमचे. मोहरीची डाळ किंवा जाडसर कुटलेली मोहरी एक छोटा चमचा. मध किंवा किसलेला गूळ एक छोटा चमचा. मीठ, मिरे.

बाकीचं हाताशी असेल तसं: एक छोटा कांदा, एक गाजर, वाटीभर सोलाणे, अर्ध्या डाळिंबाचे दाणे, मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा अक्रोड, आणि कोथिंबीर व पुदिना मिळून चांगली मोठी वाटीभर. पानं सढळ हातानं घाला. चिमूटभर कोथिंबीर वरून भुरभुरवण्याचा हा पदार्थ नव्हे, पानं यात भाजीसारखी येतात.

तेलाबद्दल थोडं. आपल्याकडे रोजच्या स्वयंपाकाला सोयाबीनचं रिफाइंड तेल सर्रास असतं. त्याला स्वतःची चव नसते, म्हणून फोडणीला ते चालून जातं. इथे तेल कच्चं खायचं आहे, त्याची चव सरळ जिभेवर येणार आहे. छोटी बाटली का होईना, घाण्याचं शेंगदाणा किंवा तीळ तेल आणा. ऑलिव्ह तेल घरात असेल तर तेही छान, पण त्यासाठी मुद्दाम खर्च करायची गरज नाही.

आदल्या रात्री

गहू निवडा, धुवा आणि भरपूर पाण्यात रात्रभर भिजत घाला. आठ ते दहा तास पुरे. उन्हाळ्यात भांडं फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर सकाळी आंबूस वास येतो. न भिजवताही गहू शिजतो, पण कुकरमध्ये वेळ जवळजवळ दुप्पट लागतो, आणि बाहेरून फुटलेला, आतून कडक असा दाणा मिळण्याची शक्यता वाढते. भिजवण्याचा आणखी एक फायदा आहे. कोंड्यातलं फायटिक आम्ल धान्यातलं लोह धरून ठेवतं, आणि भिजवल्यानं ते काही प्रमाणात कमी होतं.

शिजवणं

भिजवलेलं पाणी टाकून द्या. कुकरमध्ये गहू, त्याच्या तिप्पट-चौपट पाणी आणि एक छोटा चमचा मीठ घाला. भातासारखं मोजून पाणी घालायचं नाही. भात आटवून शिजवतो, इथे दाणा मोकळ्या पाण्यात शिजवून नंतर निथळायचा आहे. पाणी मोजकं असेल तर गव्हातला चिकटपणा दाण्यांवरच बसतो आणि सगळ्याचा गोळा होतो.

मोठ्या आचेवर एक शिट्टी होऊ द्या, मग गॅस अगदी बारीक करून पंधरा ते वीस मिनिटं ठेवा. वाफ आपोआप जिरू द्या. प्रत्येक कुकरचा स्वभाव वेगळा असतो, म्हणून पहिल्या वेळी पंधरा मिनिटांनीच थांबा आणि दाणा तपासा.

तपासायचं असं. चार-पाच दाणे चमच्यात घ्या, फुंकून गार करा. एक दाणा नखानं मधोमध चिरा. आत पांढरा, खडूसारखा ठिपका दिसला तर तो कच्चा आहे, आणखी पाच मिनिटं लागतील. आतपर्यंत एकसारखा पिवळसर, ओलसर दिसला तर झाला. दुसरा दाणा दातांनी चावा. तो आधी किंचित दाबला जाऊन मग तुटायला हवा. एखाद-दुसरा दाणा पोटाशी उकललेला दिसला तर हरकत नाही. निम्मे दाणे फुलासारखे उलटले असतील तर सॅलडचा नाद सोडा आणि त्याची गूळ-दूध घालून खीर करा, ती उत्तम होईल.

कुकर नको असेल तर जाड बुडाच्या पातेल्यात झाकण ठेवून चाळीस ते पन्नास मिनिटं लागतात. गॅस जास्त जातो, पण मध्ये मध्ये दाणा चाखता येतो. ज्यांनी आधी कधीच अख्खा गहू उकडला नाही त्यांना मी पहिल्या वेळी पातेलंच सुचवेन, कारण दाणा कच्च्यापासून शिजलेल्यापर्यंत कसा बदलत जातो ते त्यात समजतं.

निथळणं

ही पायरी लोक घाईत उरकतात आणि मग ड्रेसिंगला दोष देतात. गहू रोवळीत किंवा स्टीलच्या चाळणीत ओता. खालचं पाणी फेकू नका, कणीक मळायला किंवा आमटीला घ्या. रोवळी दोन-तीनदा झटका आणि पाच मिनिटं तशीच राहू द्या. मग परातीत स्वच्छ पंचा पसरा आणि त्यावर गहू एका थरात पसरवा. गरम दाण्यातून वाफ निघते आणि वरचा ओलावा आपोआप उडतो. दोन-तीन मिनिटांत दाण्यांवरची चमक जाऊन ते कोरडे दिसायला लागले की पुढे सरका. इथे जास्त थांबायचं नाही. दाणा कोरडा हवा पण गरमच हवा, म्हणजे बोट लावलं तर चटका नको पण ऊब चांगली जाणवली पाहिजे. दाण्यावर पाणी राहिलं तर तेल त्याला धरत नाही, सगळं ड्रेसिंग भांड्याच्या तळाशी साचतं.

मोहरी फेसून ड्रेसिंग

ड्रेसिंग म्हटलं की बाटलीतला मस्टर्ड सॉस आणायला धावू नका. काकडीच्या कोशिंबिरीला किंवा लोणच्याला मोहरी फेसायची पद्धत आपल्याकडे पूर्वापार आहे, तीच इथे उत्तम कामाला येते. गहू शिजत असतानाच हे करून ठेवा.

मोहरीची डाळ खलबत्त्यात बारीक कुटा. त्यात दोन छोटे चमचे साधं, गार पाणी घाला आणि चमच्यानं किंवा बत्त्यानं भराभर फेसा. मिश्रण हलकं आणि फिकट होत जातं, आणि थोड्या वेळानं वास नाकात चढतो. तो चढला पाहिजे. मोहरीचा तिखटपणा अख्ख्या दाण्यात तयार नसतो. दाणा फुटून पाणी लागलं की त्यातलं एक विकर (एन्झाइम) काम सुरू करतं आणि मग झणका तयार होतो. म्हणून पाणी गारच हवं, कारण गरम पाण्यानं ते विकर मरतं. आणि लिंबू आधी घालायचं नाही, कारण आंबटानं ते काम तिथेच थांबतं. दहा मिनिटं थांबा, चाखून बघा, झणका पुरेसा वाटला की लिंबाचा रस घाला. आता तोच आंबटपणा मोहरीचा तिखटपणा धरून ठेवतो.

तर फेसलेल्या मोहरीत दोन मोठे चमचे लिंबाचा रस, अर्धा छोटा चमचा मीठ, मध किंवा गूळ आणि ताजी कुटलेली मिरपूड घाला. मीठ विरघळू द्या, तेलात ते विरघळत नाही. मग तेल बारीक धारेनं ओतत हलवत राहा. मोहरीमुळे तेल आणि रस एकजीव होतात आणि दाटसर, पिवळं मिश्रण तयार होतं. परदेशी कृतींत तेल आंबटाच्या तिप्पट सांगतात. ते कोवळ्या पानांच्या सॅलडला ठीक, पण अख्खा गहू आंबटपणा पिऊन टाकतो, म्हणून इथे लिंबाचं प्रमाण मुद्दाम जास्त आहे.

ड्रेसिंगमध्ये मोसंबीचा रस अजून घातलेला नाही, हे लक्षात ठेवा. त्याची पाळी शेवटी.

आता गरम, कोरडा गहू मोठ्या स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात घ्या. अ‍ॅल्युमिनियम नको, आणि कल्हई नसलेलं पितळ-तांबं तर अजिबात नको, कारण लिंबू त्याच्याशी भिडतं. दोनतृतीयांश ड्रेसिंग ओता आणि खालून वर हलवा. उरलेलं बाजूला ठेवा. बारीक चिरलेला कांदा याच वेळी घाला, गव्हाच्या उबेनं आणि लिंबानं त्याचा उग्रपणा जातो. भांडं पंख्याखाली ठेवून गहू पूर्ण गार होऊ द्या, मधून मधून हलवा. साधारण अर्धा तास लागतो. गार झाल्यावर एक दाणा चाखा. मघाशी खारट-आंबट लागलेला गहू आता बराच सौम्य लागेल. तो रस आत गेला आहे, आणि गार धान्याला ड्रेसिंग लावून हे कधीच साधत नाही.

फळ निवडणं आणि कापणं

नागपुरी जातीची संत्री वर्षात दोनदा येतात. अंबिया बहाराची साधारण नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत, आणि मृग बहाराची फेब्रुवारीपासून एप्रिलच्या सुमारास. साल सैल असणं हा या संत्र्याचा गुणच आहे, पण साल फुगून आतल्या फळापासून पार सुटलेली असेल तर आत चोथाच निघतो. हातात घेऊन वजन बघा, आकाराच्या मानानं जड लागलं पाहिजे. सालीवर हिरवे डाग असले म्हणून संत्रं आंबट असतं असं नाही. थंडीत किनूही भरपूर येतो. त्याला रस खूप, पण बियाही खूप.

संत्र्याच्या फोडी हातानं सुट्या करा, वरचे पांढरे धागे काढा. प्रत्येक फोडीच्या आतल्या, बारीक कडेला कात्रीनं चीर द्या, बिया बाहेर ढकला आणि फोडीचे दोन तुकडे करा. पापुद्रा पातळ असेल तर राहू द्या. बिया मात्र एकही ठेवू नका. संत्र्याचा रस काढून ठेवला की तासा-दोन तासांत कडवट होतो, हे पुष्कळांनी चाखलेलं असेल. पापुद्र्यात आणि बियांत एक द्रव्य असतं, ते स्वतः कडू नसतं. पण फळ चिरलं किंवा पिळलं गेलं की रसातल्या आम्लाशी त्याची गाठ पडते आणि हळूहळू लिमोनिन नावाचं अतिशय कडू द्रव्य तयार होतं. म्हणूनच संत्र्याचा रस ऐन वेळी पिळायचा आणि फोडी शेवटी घालायच्या. रात्रीच्या जेवणासाठी सकाळी संत्री चिरून ठेवली तर कितीही गोड फळ असलं तरी उपयोग नाही.

मोसंबीचं तंत्र निराळं आहे. तिचा पापुद्रा जाड, आणि तो सॅलडमध्ये चावताना चोथ्यासारखा तोंडात राहतो. म्हणून तो काढायचाच. आधी मोसंबी धुऊन पुसा. वरचा आणि खालचा भाग सुरीनं सपाट कापा, गर दिसेपर्यंत. आता ती पाटावर उभी बसते. धारदार सुरी वरून खाली, फळाच्या गोलाईबरोबर वळवत, साल आणि तिच्याखालचा पांढरा थर एकत्रच उतरवा. एक पट्टी निघाली की फळ थोडं फिरवा, पुढची पट्टी. पांढरं कुठे राहिलं असेल तर पुन्हा बारीक छाटा. आता उघडी मोसंबी डाव्या हातात धरा, खाली वाडगा ठेवा. प्रत्येक फोडीच्या दोन्ही बाजूंना पापुद्र्याच्या पातळ पांढऱ्या रेघा दिसतात. रेघेच्या आतल्या अंगानं मध्यापर्यंत एक काप, पलीकडच्या रेघेच्या आतल्या अंगानं दुसरा काप. नुसत्या गराची पाचर वाडग्यात पडते. सगळ्या फोडी निघाल्या की हातात पापुद्र्यांचा पंखा उरतो, तो मुठीत घट्ट पिळा. दोन-तीन चमचे रस सहज निघतो आणि तोच ड्रेसिंगमध्ये घालायचा आहे. पहिल्या मोसंबीचे तुकडे वेडेवाकडे होतील, चवीत त्यानं काही बिघडत नाही. सुरी बोथट असेल तर मात्र सगळंच बिघडतं, आधी धार लावून घ्या.

सालीचा सुगंध वापरायचा असेल तर कापण्याआधी अर्ध्या लिंबाची किंवा संत्र्याची साल बारीक किसणीवर अगदी वरवर किसा. रंगीत भाग तेवढाच हवा, पांढरं आलं की कडू. बाहेरून येणाऱ्या चकचकीत संत्र्यांवर मेणाचा थर असतो. त्यांची साल वापरण्याआधी फळ गरम पाण्यात चोळून धुवा.

पपनस, ज्याला आपल्याकडे बाजारात चकोतरा म्हणतात, मिळालं तर जरूर घाला. त्याचे मोकळे, टपोरे कण गव्हात फार छान दिसतात. एक सावधगिरी: पपनस आणि ग्रेपफ्रूट काही औषधांचा परिणाम बदलतात, त्यात कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्याही येतात. घरात कुणाची अशी नेहमीची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही दोन फळं घालू नका. संत्री वापरा.

एकत्र करणं

जेवायला बसण्याआधी दहा मिनिटं. गार गव्हात किसलेलं गाजर, सोलाणे आणि चिरलेली पानं घाला. काकडी हवी असेल तर तिच्या बिया काढून घाला, नाहीतर फार पाणी सुटतं. उरलेल्या ड्रेसिंगमध्ये मोसंबीचा पिळलेला रस मिसळा आणि ते ओता. आता मीठ बघा. मीठ बरोबर झाल्यावर आंबट बघा, आणि गोड सर्वांत शेवटी, कारण फळाचा गोडवा अजून यायचा आहे. मग फोडी, डाळिंब आणि शेंगदाणे घाला आणि हातानं किंवा दोन मोठ्या चमच्यांनी हलकेच वरखाली करा. जोरात ढवळलं तर फोडी फुटतात.

वर चिमूटभर जिरावण मसाला. पोह्यांवर घालतो तेच. त्यातली बडीशेप आणि जिरं संत्र्याबरोबर इतकं जुळतं, की मला आता त्याशिवाय हे सॅलड अपुरं वाटतं. जिरावणात मीठ असतं, हे धरून आधीचं मीठ थोडं कमी ठेवा. आणि इंदुरात आहात तर शेव असणारच. बारीक शेव ताटात वाढल्यावर वरून घाला, भांड्यात मिसळू नका, पाच मिनिटांत मऊ पडते.

पौष्टिकपणाविषयी एवढंच सांगते. गव्हातलं लोह शरीराला सहजासहजी मिळत नाही. त्याच जेवणात क जीवनसत्त्व असलेलं फळ आलं तर ते जास्त शोषलं जातं. क जीवनसत्त्व उष्णतेनं नाश पावतं, म्हणूनही फळ गरम गव्हात घालायचं नाही. आणि जेवण संपलं की लगेच चहा नको, चहा नेमकं उलट काम करतो. तासभर थांबा.

गव्हाऐवजी

ज्यांना गहू चालत नाही त्यांच्यासाठी ज्वारी फार चांगली. निमाडकडची पांढरी, टपोरी ज्वारी घ्या, दहा-बारा तास भिजवा, आणि एका शिट्टीनंतर बारीक आचेवर पंचवीस ते तीस मिनिटं शिजवा. ती गव्हापेक्षा हट्टी असते, पण जास्त शिजवली तरी लगदा होत नाही, त्यामुळे नवशिक्यांना सोपी जाते. ज्वारीत लिंबू थोडं जास्त घाला. गव्हाचा त्रास असलेल्यांसाठी करत असाल तर जिरावणाचं पाकीटही वाचून बघा, आणि शेव बेसनाचीच असल्याची खात्री करा.

थंडीत बाजरी आणि किनू हीही जोडी छान. बाजरी आठ तास भिजवून चार-पाच शिट्ट्यांत होते. दाणा बारीक असल्यानं फोडीही बारीकच चिरा.

वेळच नसेल तर दलिया. जाड दलिया कोरडाच खमंग भाजा, दुप्पट उकळतं पाणी आणि मीठ घालून झाकण ठेवा, बारीक आचेवर दहा-बारा मिनिटांत मोकळा होतो. लेबनॉनकडच्या तबुलेच्या कृतीत बुलगुर असतो, तो दिसायला दलियासारखाच. पण बुलगुर आधी उकडून, वाळवून मग भरडलेला असतो, त्यामुळे नुसत्या गरम पाण्यात भिजवून चालतो. आपला दलिया कच्चा असतो, तो शिजवावाच लागतो. परदेशी कृती वाचून दलिया नुसता भिजवाल तर पोट दुखेल.

डब्यासाठी आणि पाहुण्यांसाठी

ऑफिसच्या डब्यात द्यायचं तर ड्रेसिंग लावलेला गहू आणि भाज्या एका डब्यात, फोडी आणि शेंगदाणे दुसऱ्या छोट्या डब्यात. खाताना मिसळायचं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वीस-पंचवीस जणी येणार असतील तर पाच कप गहू पुरतो, छोट्या वाटीत द्यायचा असल्यानं. शेंगदाण्यांऐवजी भाजलेले तीळ घाला, सणाचं होऊन जातं. प्रमाण वाढवताना मीठ आणि मोहरी पाचपट करू नका. तिपटीपासून सुरू करा आणि चाखत वाढवा. एवढा गहू एका परातीत गार होत नाही, दोन-तीन परातींत पसरा.

शिजलेलं धान्य ओट्यावर दोन तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही. मे महिन्याच्या इंदुरी उन्हाळ्यात तर एका तासात फ्रिजमध्ये गेलं पाहिजे. उकडलेल्या धान्यात काही जंतू असे वाढतात की पुन्हा गरम केलं तरी त्यांनी सोडलेलं विष जात नाही. फ्रिजमध्ये ड्रेसिंग लावलेला गहू, फळाशिवाय, तीन दिवस चांगला राहतो. खाण्याआधी पंधरा मिनिटं बाहेर काढा, थोडं लिंबू आणि मीठ पुन्हा लावा, मग फळ चिरा. ड्रेसिंग न लावलेला उकडलेला गहू कोरडा करून पिशवीत चपटा भरला तर फ्रीझरमध्ये महिनाभर टिकतो. लागेल तेव्हा उकळत्या पाण्यात दोन मिनिटं टाकून निथळा, म्हणजे तो पुन्हा गरम आणि कोरडा मिळतो आणि लिंबू-मोहरीपासून पुढचं सगळं तसंच करता येतं.